पहिल्या घोड्याचे

आमचे आबा माणसांची विभागणी दोनच प्रकारांत करीत. एक ‘पहिल्या घोड्याचे’ आणि दुसरे ‘मागून आलेले’. ब्राह्मण, वाणी, पाटीदार, गोरे साहेब ही मंडळी या विभागणीच्या बाहेरची. विभागणी फक्त बडोद्यातल्या मराठ्यांपुरती होती. दक्खनेतून तापी ओलांडून जे पहिले स्वार गुजरातेत उतरले त्यांचे वंशज ते पहिल्या घोड्याचे. त्यानंतर नोकरीसाठी, शाळेसाठी, कोणा मामाच्या ओळखीवर जे आले ते मागून आलेले. आम्ही अर्थात पहिल्या घोड्याचे. हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत होते.

घरात एखादी मोडकी खुर्ची असावी तसे हे वाक्य होते. कोणी तिच्यावर बसत नाही, कोणी ती टाकतही नाही. पण धाकट्या बहिणीच्या लग्नाची वेळ आली आणि आबांनी ती खुर्ची ओढून दारात आडवी ठेवली. तेव्हापासून माझे डोके जे तापले आहे ते अजून निवालेले नाही.

धाकटीला मागणी आली होती बांधकाम खात्यातल्या एका ओव्हरसियरची. तिच्या मैत्रिणीचाच भाऊ. धाकटीचा चित्रकलेत हात चांगला, म्हणून त्याने एकदा तिला नकाशे काढायची काळी शाई आणून दिली होती. ती दौत तिने अशी जपली होती की मला कळायचे ते कळले. मुलगा शिकलेला, पोटापुरते मिळवणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आबांना त्यात एकच खोट दिसली.

“त्याचा बाप नगरहून आला. कशातून आला? आगगाडीतून. तीही थर्ड क्लासातून.”

“आणि आपण कशातून आलो, आबा?”

“घोड्यावरून.”

“घोडा स्वतःचा होता की सरकारी? शिलेदार होतो का बारगीर?”

आबा ताटावरून उठले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, “जेवण झाल्यावर विचारायचं होतंस.”

आबांच्या मनात दुसरेच स्थळ होते. निजामपुऱ्यात आमच्या घरापासून जवळच एक मानकऱ्यांचे घर होते. त्यांचा मुलगा तिशीचा. काम म्हणाल तर दरबाराच्या दिवशी पगडी बांधून ठरलेल्या जागी उभे राहणे. बाकीचे दिवस तो बसून असे. पण ते पहिल्या घोड्याचे. त्यांची अट एवढीच की आमचेही तसेच असल्याचे त्यांना नीट दाखवावे, कारण हल्ली कोणीही उठतो आणि स्वतःला पहिल्या घोड्याचा म्हणवतो, असे त्यांचे म्हणणे.

मी त्या वेळी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि उरलेल्या वेळात पत्रके लिहीत होते. आमचे पाच-सहा जणांचे मंडळ होते. मांडवी दरवाज्याखाली आणि स्टेशनबाहेर आम्ही पत्रके वाटायचो. मानकऱ्यांची अट कानावर आली त्याच आठवड्यात मी एक लिहिले. मथळा दिला ‘कूळ विकणे आहे’. त्यात एक वाक्य होते, आणि ते मला फार आवडले होते: ‘अमेरिकेत नवऱ्या मुलाला काय येते ते विचारतात, त्याचा खापरपणजा कशावरून उतरला ते विचारत नाहीत.’

हे वाक्य छापून आठ दिवस झाले नसतील. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला एक अमेरिकन बाई होत्या. सयाजीगंजात राहत. अविवाहित, पन्नाशीच्या, मुलींवर जीव असलेल्या. सगळे त्यांना मडम म्हणत. त्यांनी मला एके दिवशी चहाला बोलावले आणि टेबलावर एक लांबलचक कागद पसरला. तो त्यांच्या घराण्याचा वंशवृक्ष होता. त्यांच्या देशात म्हणे एक मंडळ आहे. जुन्या काळी इंग्लंडहून जी अगदी पहिली जहाजे अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली, त्यांतून उतरलेल्यांचे वंशज असल्याचे जे सिद्ध करतील त्यांनाच त्यात घेतात. छातीवर लावायला बिल्ला देतात. मडमच्या म्हाताऱ्या मावशीची एकच इच्छा होती, की आपण मरण्यापूर्वी तो बिल्ला घरात यावा.

“म्हणजे तुमच्याकडेही?” मी विचारले.

“म्हणजे काय?” त्या म्हणाल्या. “माणसाला आपण कुठून आलो ते कळायला नको?”

मी चहा अर्धा टाकून उठले. माझे पत्रक चुकले होते म्हणून नव्हे. पत्रक बरोबरच होते. चुकली होती ती अमेरिका.

आता ही गोष्ट मी घरी बोलायलाच नको होती. पण रागाच्या भरात आईला सांगितली, आणि माजघरातले बोलणे ओसरीवर ऐकू जाते हे विसरले. आबा पागेतून निवृत्त झालेले गृहस्थ. इतक्या वर्षांत माझ्या शाळेत काय चालते हे त्यांनी कधी विचारले नव्हते. त्या संध्याकाळी म्हणाले, “त्या मडमबाईंना एकदा घरी बोलव. आपल्याकडचं जेवण खाऊ घालू.”

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. आबांनी ठेवणीतला अंगरखा घातला. मडम पाटावर बसायचा हट्ट धरून बसल्या आणि पाय अवघडल्यावर खुर्चीवर गेल्या. मधे मी, दुभाषी.

“विचार, यांचे पूर्वज आले तेव्हा तिथे काय होतं?”

मी विचारले. मडम म्हणाल्या, रान. नुसते रान. देवाने रिकामी ठेवलेली भूमी.

मी ते मराठीत सांगितले. आबांनी मांडीवर थाप मारली. “अगदी आपल्यासारखंच! सांग त्यांना, इथेही काय होतं? रानच होतं. आमच्या लोकांनी येऊन वसवलं.”

“रान होतं तर चौथाई कोणाकडून घेतली?” मी म्हटले. “झाडांकडून?”

“तुला सांगितलंय तेवढंच सांग.”

मग मी मडमकडे वळले. त्या दर वर्षी चौथीच्या मुलींना एक गोष्ट सांगत. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या पूर्वजांची उपासमार झाली, तेव्हा तिथल्या मूळ लोकांनी त्यांना मका पेरायला शिकवला आणि म्हणून ते जगले. मुली ती गोष्ट मान डोलवत ऐकत. मी विचारले, “बाई, रान रिकामं होतं तर मका पेरायला शिकवलं कोणी?”

मडम हसल्या. “तू फार तडकतेस,” म्हणाल्या.

“काय म्हणतात?” आबांनी विचारले.

“म्हणतात, मुलगी हुशार आहे.”

“मला इंग्रजी येत नाही, पण एवढं येतं,” आबा म्हणाले.

जेवणे झाल्यावर त्या दोघांची जी गट्टी जमली! पहिल्या घोड्याचे आणि पहिल्या जहाजाच्या. आबांना बिल्ल्याची कल्पना इतकी पसंत पडली की आपल्याकडेही असे मंडळ का नाही म्हणून ते हळहळले. आणि मला म्हणाले, “छाप आता. छाप की, अमेरिकेतसुद्धा कूळ विचारतात.”

मडमने आबांना वंशवृक्ष काढून द्यायचे कबूल केले. मानकऱ्यांना दाखवायला आबांना नेमके तेच हवे होते. आणि तो कागदावर उतरवायचे काम कोणाकडे? धाकटीकडे. कारण तिचा हात चांगला. ओव्हरसियरने दिलेल्या शाईने तिने स्वतःच्या गळ्याचा फास रंगवायला घेतला. मी तिला तसे म्हटलेही. ती म्हणाली, “ताई, तुझं वाक्य चांगलं आहे. पत्रकात घाल.”

मडमची पद्धत ठरलेली होती. खालून वर जायचे, आणि प्रत्येक पिढीला दोन प्रश्न. बाप कोण, आई कोण. त्यांच्या मंडळाचा नियम होता की मधली एकही बाई गाळता येत नाही. तिचे माहेर दाखवावे लागते, नाहीतर साखळी तुटली. आबांनी पुरुषांची नावे घडाघडा सांगितली, थेट पहिल्या स्वारापर्यंत. धाकटीने कागदावर वड काढला आणि त्याच्या पानांत ती एकेक लिहिली.

“आणि यांच्या आया?” मडमने विचारले.

आबा माझ्याकडे वळले. “बायकांची नावं कशाला?”

“त्या लागतात म्हणतात.”

“आजीचं नाव... आजीला आम्ही आजीच म्हणायचो.”

आमच्यात लग्नात मुलीचे नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवे नाव लिहितो. मग ते तांदूळ भरून ठेवतात, आणि जुने नाव कुठे गेले ते कोणी विचारत नाही. मी मडमला हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी डोळे मोठे केले. “किती वाईट,” म्हणाल्या. मी त्यांच्या स्वतःच्या कागदावर बोट ठेवले. सगळ्यात वर, जहाजातून उतरलेल्या त्यांच्या मूळपुरुषाशेजारी लिहिले होते ‘त्याची पत्नी’. बस. पुढे नाव नाही, बाप नाही. मावशी आणि मडम कित्येक महिने तिथेच अडकल्या होत्या.

“तांदूळ तुमच्याकडेही पसरतात वाटतं,” मी म्हटले. हे इंग्रजीत नीट सांगता आले नाही, पण त्यांना पोचले.

आता घोड्याकडे येते. आमच्या घराण्याची एक रीत आहे. घरात कोणाचीही सुपारी फुटायच्या आधी हरणी गावाच्या पलीकडे शिवेवर एका चिंचेखाली मातीचा घोडा ठेवायचा. आबांनी सांगितलेले कारण असे की मूळपुरुष दक्खनेतून दौडत आला तेव्हा त्याचा घोडा तिथे छाती फुटून पडला, आणि तो म्हणाला, आता हेच आपले गाव. घोडा ठेवायचा तो घरच्या सुनेने. पुरुष गाडीपाशी थांबतात. सोबत मक्याचा रोटला न्यायचा. एरवी आमच्या घरात ज्वारी नाहीतर बाजरी. मका फक्त त्या दिवशी.

मानकऱ्यांच्या घरून लोक वृक्ष पाहायला येणार असे ठरले, आणि त्याच्या आधीच्या रविवारी आबांनी घोडा ठेवायचे काढले. मडमलाही नेले. आपल्या कुळाचा पुरावा त्यांनी डोळ्यांनी बघावा म्हणून आबा या खेपेला स्वतःही गाडीपाशी थांबले नाहीत, झाडापर्यंत आले.

सकाळ स्वच्छ होती. पूर्वेला पावागड निळसर दिसत होता. आईने पदर खोचला, जुन्या घोड्यांचे तुकडे बाजूला सारले आणि नवा घोडा ठेवला. हातभर उंचीचा, पोटाशी पोकळ. आईने रोटल्याचा पहिला तुकडा त्या पोकळीत सारला.

मडम वाकून बघत होत्या. “हा मका!” त्या म्हणाल्या. आपल्या गावचे कोणी भेटावे तशा आनंदल्या. मग त्यांनी मला विचारले, “यावर स्वार का नाही?”

मी आबांना विचारले. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्याही लक्षात आले. घोड्यावर स्वार नव्हता. खोगीर नव्हते, लगाम नव्हता. पागेत एखाद्या मोतद्दाराने तंग सैल बांधला तर आबा अख्खी पागा डोक्यावर घेत, आणि आयुष्यभर हा बिनखोगिराचा घोडा त्यांनी स्वाराचा घोडा म्हणून सांगितला.

“कुंभारांना येत नाही करायला,” आबा म्हणाले.

“आणि वडील म्हणतात तुम्ही दक्षिणेकडून आलात,” मडमचा पुढचा प्रश्न. “मग घोडा पूर्वेकडे का बघतो?”

मी तो प्रश्न जसाच्या तसा मराठीत केला. त्यात माझे काहीही मिसळले नाही, शपथेवर सांगते. आबांनी घोड्याकडे बघितले. आईने तो ठेवला होता पावागडाकडे तोंड करून. त्याच्या मागचे तुकडे झालेले घोडेही, ज्यांची तोंडे शाबूत होती ते, सगळे तिकडेच.

“उगवतीकडे बघतो. सूर्य असतो तिकडे.”

“सूर्यासाठी नाही,” आई म्हणाली.

आई अशी मधे बोलत नसे. आम्ही सगळेच वळलो.

“माहेराकडे बघतो तो.”

“कोणाच्या माहेराकडे?” मी विचारले.

“जिचा घोडा आहे तिच्या. आपल्या घरातली पहिली बाई ती, तिकडची, डोंगरातल्या भिल्लांतली. त्यांच्यात देवाला असा घोडा वाहतात. त्यांच्यात मक्याचाच रोटला. तिने सुनेला सांगितलं, सुनेने तिच्या सुनेला. मला सासूबाईंनी इथंच सांगितलं, पहिला घोडा ठेवताना.”

“काय सांगितलं?” आबांनी विचारले.

“की घोडा ठेवताना तोंड तिकडे कर, तिला घर दिसू दे.”

“तू मला कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत?” आई म्हणाली, आणि हात झटकून उभी राहिली.

मला वाटले आभाळ फुटावे. मूळपुरुषाचा घोडा नव्हताच तो! पहिल्या घोड्याचे म्हणून ज्यांनी मिशा पिळल्या, ज्यांनी लोकांच्या मुली नाकारल्या, ज्यांनी नगरच्या भल्या माणसाला थर्ड क्लासाचा म्हणून दारातून परत पाठवले, त्यांचा पहिला घोडा एका भिल्लिणीने आपल्या देवाला वाहिलेला मातीचा घोडा होता. आणि ती आली होती की आणली होती? हे कोण सांगणार? ज्या हातांनी चौथाई गोळा केली त्यांनी आणखी काय काय गोळा केले, याची आठवण घोड्याखेरीज कोणी ठेवली नाही. तिचे नाव आईलाही माहीत नव्हते.

परत येताना आबा पुढे टांगेवाल्याशेजारी बसले. टांगेवाल्याने विचारले, “केम काका, तबियत सारी नथी?” तब्येतीच्या चौकशीवर आबांनी नुसता हाताने टांगा हाकायचा इशारा केला. मागे मडम माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच बोलू लागल्या. त्यांच्या आजोळीही लहानपणी कुजबुज होती म्हणे. त्या वरच्या ‘त्याच्या पत्नी’बद्दल. ती जहाजातून उतरलीच नव्हती, ती आधीपासून तिथे होती. मोठी माणसे मुलांना त्यावर बोलू देत नसत.

“मग लिहा तसं!” मी म्हटले. “आजच लिहा.”

“मावशीने तोड काढली आहे,” मडम म्हणाल्या. “त्याच वसाहतीत एका गृहस्थाला त्या वयाची मुलगी होती. तिचं पुढे काय झालं कोणाला माहीत नाही. तीच ही, असं धरलं तर साखळी जुळते.”

उसना बाप! मेलेल्या बाईला उसना बाप लावून द्यायचा आणि वर छातीला बिल्ला. मी त्यांना तोंडावर हे बोलले. त्यांनी खिडकीबाहेर बघावे तसे रस्त्याकडे बघितले. टांग्याला खिडकी नसते, म्हणून त्यांना माझा अर्धा चेहरा तरी बघावाच लागला.

“मावशीचं वय झालंय,” त्या म्हणाल्या.

सगळीकडे हेच. सत्य सांगायचे नसले की कोणाचे तरी वय झालेले असते.

घरी आल्यावर आबांनी दार लावून घेतले. “ही गोष्ट चिंचेखाली राहिली,” ते म्हणाले. “गावात जाता कामा नये.”

“छापणार मी,” मी म्हटले. “मथळासुद्धा ठरलाय. ‘पहिला घोडा मातीचा’.”

“छाप. आणि बहिणीचं लग्न मोड.”

“तेच तर मोडायचंय!”

धाकटी तिथेच होती. ती वडाच्या पानांचा कागद गुंडाळून कपाटात ठेवत होती. म्हणाली, “ताई, छापू नको.”

मला तिचाच राग आला. “तुला त्या पगडीवाल्याशी लग्न करायचंय?”

“नाही. पण तू छापलंस तर ते तुझं पत्रक होईल. हे माझं लग्न आहे.”

त्यानंतरचे चार दिवस मी कोणाशी बोलले नाही. पत्रक लिहून तयार होते, छापखाना रावपुऱ्यात चालत जायच्या अंतरावर होता, आणि मी ते दप्तरात घेऊन शाळेत जायचे आणि दप्तरातच परत आणायचे. माझ्या आयुष्यात मी एवढा दम कधी धरला नाही. तो धरला याचा मला अभिमान वगैरे नाही. तेव्हा मला तो भेकडपणाच वाटत होता.

मानकऱ्यांकडून तिघे आले. मुलाचे काका, एक वयस्कर नातेवाईक आणि खुद्द मुलगा. पगडी आज नव्हती, त्यामुळे तो कोण ते पटकन कळले नाही. चहा झाला. काका म्हणाले, “बोलावा मुलीला. तिनेच काढलाय म्हणे वृक्ष. तिलाच वाचू द्या, अक्षरही बघता येईल, आवाजही.”

अक्षर, आवाज आणि कूळ. घोड्याचे दात तेवढे बघायचे राहिले.

धाकटी आली. कागद उलगडून भिंतीशी धरला. खालून वर वाचत गेली. आबांचे नाव, आजोबांचे, पणजोबांचे. काका मान डोलवत होते. ती सगळ्यात वरच्या पानापाशी आली, मूळपुरुषाचे नाव वाचले, आणि थांबली नाही. शेजारी एक नवे पान होते. शाई अजून गडद होती.

“यांची पत्नी,” तिने वाचले. “नाव माहीत नाही. माहेर पावागडाकडच्या डोंगरात. घोडा हिचा.”

काका म्हणाले, “डोंगरात म्हणजे? कोणत्या जहागिरीत?”

“जहागीर नाही,” धाकटी म्हणाली. “भिल्लांची वस्ती.”

मी आबांकडे बघितले. त्यांना एक वाक्य बोलून हे सावरता आले असते. मुलगी थट्टा करते, मडमच्या नादाने काहीबाही लिहिले, काहीही. वयस्कर नातेवाइकाने तशी वाटही करून दिली. “पोरी ऐकीव गोष्टी लिहितात हल्ली. काय हो, खोटं ना हे?”

आबा आईकडे बघत होते. आई दारात उभी होती. ती म्हणाली, “खरं आहे. मी दर वेळी घोडा ठेवते, मला माहीत आहे.”

काका उठले. फार शिष्टाचाराने उठले. “बरं झालं, आधीच कळलं,” म्हणाले. मुलाने बशीतला उरलेला लाडू उचलला आणि मग तोही उठला.

त्यांच्या घरीही कोणा तरी चिंचेखाली, कोणा तरी विहिरीपाशी, कोणा सुनेला काही सांगितलेले असणारच. ते मी दारापर्यंत जाऊन विचारणार होते. धाकटीने माझा हात धरून ठेवला.

आबांचे मन पालटले असे लिहायला मला आवडले असते. पत्रकात तसे लिहितात. तसे काही झाले नाही. ते महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. निजामपुऱ्यात बातमी पसरली आणि पहिल्या घोड्याच्या कोणत्याच घरातून धाकटीला मागणी येईना, तेव्हा एके दिवशी ते म्हणाले, “त्या नगरवाल्यांना विचारा, अजून तयार आहेत का.” माझ्या मते तो नाइलाज होता, आणि नाइलाजाला मी शहाणपण म्हणणार नाही. ओव्हरसियरची आई आली, सगळे ऐकले आणि हसून म्हणाली, “आमच्यात तर आजेसासूच्या पलीकडचं कोणालाच ठाऊक नाही. आमच्याकडेही चौकशी करावी लागणार म्हणजे.”

मडमचा बिल्ला मात्र आला. मावशीने पाठवला. शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांनी तो छातीवर लावला होता, आणि चौथीच्या मुलींना मक्याची गोष्ट त्यांनी त्या वर्षीही सांगितली. मी त्यांच्याशी त्यानंतर कामापुरतेच बोलले. त्यांना वाईट वाटत असे. वाटू दे.

धाकटीच्या सुपारीच्या आधी आम्ही पुन्हा हरणीच्या पलीकडे गेलो. कोणी न बोलावता आबा झाडापर्यंत आले. आईच्या हातातला घोडा त्यांनी घेतला, आणि रीत मोडून स्वतः खाली ठेवला. तोंड दक्षिणेकडे करून. दक्खनेकडे.

मी तोंड उघडले. धाकटीने माझ्याकडे बघितले, म्हणून मिटले.

आई वाकली. तिने घोडा उचलला नाही, नुसता जागेवर फिरवला, पावागडाकडे. मग रोटल्याचा तुकडा त्याच्या पोटात सारला. आबा बघत राहिले. मग म्हणाले, “तिचं नाव काय असेल?”

इतक्या पिढ्यांत हा प्रश्न विचारणारे ते पहिले पुरुष. पण उत्तर सांगायला आता कोणी उरलेले नाही, आणि त्याबद्दल मी कोणालाही माफ करणार नाही, आबांनाही नाही. वडाचा कागद माझ्याकडे आहे. त्या पानावर ‘नाव माहीत नाही’ याच्यापुढची जागा मी रिकामीच ठेवली आहे.